आपली ओवी बाजूला ठेवून

परीक्षेसाठी केलेलं वाचन हे वाचनच नव्हे, असं माझ्या दिरांचं ठाम मत आहे. भाऊजी वारकरी. गावात सप्ताह बसला की ज्ञानेश्वरीच्या पारायणाला पहिल्या रांगेत असतात. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. सिल्लोडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी काही पोरं-पोरी जमतात. कुणाला जीआरई द्यायची असते, कुणाला कॅट, कुणाचं घोडं नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अडलेलं असतं. गणित त्यांचं त्यांना येतं. माझ्याकडे येतात ते इंग्रजी उतारे आणि शब्द यांच्यासाठी. फी म्हणाल तर मिरचीच्या दिवसांत मिरची आणि आल्याच्या दिवसांत आलं घरी येऊन पडतं, तेवढीच.

भाऊजी मुक्कामाला आले की त्याच खोलीत खुर्ची टाकून बसतात. हातात माळ चालू, कान आमच्याकडे. पोरं गेली की म्हणतात, "वहिनी, हे पोटासाठीचं वाचन. वाचावं तर देवासाठी, नाहीतर आपल्या जिवासाठी. चार पर्यायांतला एक टिकमार्क करायला वाचायचं, त्याला का वाचन म्हणायचं?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मुंडक उपनिषदात शौनक अंगिरसाकडे जातो, तेव्हा त्याला उत्तर मिळतं की विद्या दोन: परा आणि अपरा. अपरेत काय काय येतं याची यादीही तिथेच आहे. चारही वेद, शिवाय शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष. म्हणजे खुद्द वेदच खालच्या पायरीवर बसवलेले. मी भाऊजींना हेच ऐकवते. उपनिषदाच्या हिशेबाने तुमचं पारायणही अपरेत आणि माझा जीआरईचा उताराही अपरेत, मग आपण एकाच पंगतीला की हो. ते हसतात, पण सोडत नाहीत. "पारायणानं माणूस थोडा निवतो. तुमच्या उताऱ्यानं काय होतं?"

माझं म्हणणं असं की उतारा नीट वाचला तर तेच होतं. कधी कधी पारायणापेक्षा जास्त होतं. हे भाऊजींना पटवणं मला अजून जमलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी शब्दांचं बोलू, कारण पोरं सुरुवात तिथूनच करतात. नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ सालचं, पण अजून बसस्टँडवरच्या स्टॉलला लटकलेलं असतं. बहुतेक वेळा फिकट छपाईची नक्कलच. त्याच्या जोडीला बॅरन्सच्या याद्या, आणि आता मोबाइलवरची कार्डं. शब्द दिसतो, बोटानं उलटवला की अर्थ. आमठाण्याच्या एका मुलानं गोठ्यात यादी चिकटवली होती. म्हशीची धार काढता काढता पाठ करायचा. रोज एक पान. म्हैस बदलली की पान बदलायचं, असं तो गमतीनं सांगायचा.

भाऊजींना वाटतं ही याद्या घोकायची रीत साहेबाची. तसं नाही. निघंटू म्हणजे दुसरं काय आहे? वेदातल्या शब्दांची यादीच. पहिल्या तीन अध्यायांत एकाच अर्थाचे शब्द एकत्र बांधलेले, चौथ्यात अर्थ लागायला अवघड असे शब्द, पाचव्यात देवतांची नावं. त्या यादीवर यास्कानं जे भाष्य लिहिलं ते निरुक्त. दोन हजार वर्षांहून जुनं काम आहे हे. ज्यांना वेद वाचायचा होता, त्यांनाही शब्द अडत होते आणि त्यांच्या हातातही कुणीतरी यादीच ठेवली होती. जीआरईत सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाचा प्रश्न असतो. एक गाळलेली जागा, सहा शब्द, त्यातले असे दोन निवडायचे की वाक्याचा अर्थ दोन्हींनी सारखाच व्हावा. निघंटूचे पहिले तीन अध्याय पाठ असणारा बटू या प्रश्नाला घाबरला नसता.

पण यास्कानं एक अट घातली आहे, ती आमच्या पोरांना ठाऊक नसते. संदर्भावाचून सुट्या शब्दाचा अर्थ फोडून सांगू नये, असं तो म्हणतो. ईटीएस या अमेरिकी संस्थेला हे पटायला ऑगस्ट २०११ उजाडावा लागला. त्याआधी जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असे प्रश्न असायचे, शब्द अगदी एकटे उभे. ते काढून टाकले. आता शब्द येतो तो वाक्यात नाहीतर उताऱ्यात. म्हणून माझ्या खोलीत नियम एकच: शब्द आणायचा तर त्याचं वाक्य घेऊन यायचं. एखाद्या टीकाकारानं कुणाला 'क्वालिफाइड' पाठिंबा दिला असं वाचलं की पोरांना पाठिंबा देणाऱ्याची पदवी आठवते. तो अटी घालून दिलेला, हात राखून दिलेला पाठिंबा आहे हे वाक्यच सांगतं, कार्ड सांगत नाही.

निरुक्तातच कौत्साचं मत येतं. तो म्हणे मंत्रांना अर्थ नसतोच. ठरल्या क्रमानं, ठरल्या स्वरात म्हटले की काम झालं. यास्कानं त्याचे मुद्दे आधी नीट मांडले आणि मग एकेक खोडून काढले. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे, हे त्याचं एक उत्तर. शिवाय वेद पाठ करून अर्थ न जाणणारा माणूस म्हणजे नुसता भार वाहणारा खांब, असं एक जुनं वचनही त्यानं दिलं आहे. खांबाचा दृष्टान्त त्याला फार आवडत असावा.

या वादात भाऊजी कौत्साच्या बाजूचे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. सात दिवसांत संपवायच्या तर रोज बाराशेच्या वर झाल्या. त्या वेगात अर्थ कुठे लागायचा? पण मी पाठाला कमी लेखत नाही. अर्थाचा वाद घालायला ग्रंथ शिल्लक राहिला तो पाठ करणाऱ्यांमुळेच. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचा धाकटा भाऊ मदरशात कुराण पाठ करतो आहे. शब्दांची यादी संपवल्यावर मी तिचं कौतुक केलं, तर ती म्हणाली, "मॅडम, नाजरा तो हो गया, तर्जुमा बाकी है." नाजरा म्हणजे अरबी बघून अक्षर न चुकवता वाचणं, अर्थ समजून घेणं ही त्यापुढची गोष्ट. भाऊजींची माळ क्षणभर थांबली. पोरगी गेल्यावर म्हणाले, "हुशार आहे." त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

आता उतारा. खरी साधना इथे आहे.

मागच्या पावसाळ्यात मी सरावाला कपाशीवरच्या बोंडअळीचा उतारा दिला होता. लेखकाचं म्हणणं असं: बीटी कपाशीच्या विषाला अळी सरावली, याचं मुख्य कारण शेतकऱ्यांनी कडेनं साध्या कपाशीच्या ओळी लावल्या नाहीत. त्या ओळींवर विषाला न सरावलेल्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग सरावलेल्या पतंगांशी जुळतात आणि ताकदवान अळीची पैदास एकदम वाढत नाही. आपल्याकडे त्यासाठी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटी बियाण्याचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं. ते किती जणांनी लावलं हे बांधावर पडलेल्या पाकिटांनी सांगितलं असतं. पुढे लेखकानं जाता जाता एका वाक्यात म्हटलं होतं की काही भागांत हंगाम लांबवल्यामुळेही अळीला मदत झाली.

प्रश्न होता: लेखकाच्या मते मुख्य कारण कोणतं? गोळेगावकडचा एक मुलगा आहे. इंजिनिअर झालाय, बाहेर एमएसला जायचं म्हणतो, घरी कपाशी. त्यानं हंगाम लांबवण्याचा पर्याय निवडला. चूक. मी सांगितलं तर उसळला.

"मॅडम, ह्या माणसानं कधी सरकी लावली का? पाकीट आम्ही फेकतो, कबूल. पण खरं कारण फरदड आहे. मार्चपर्यंत सरकी उभी ठेवायची, मग अळीला बाराही महिने खायला. सतराच्या खरिपात आमच्या बोंडांत काय निघालं ते मी बघितलंय."

२०१७ च्या त्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीचं जे केलं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत सडकी सरकी. तेव्हा हा पोरगा शाळेत असेल. आणि फरदडीबद्दलचं त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. कृषी खातंही दर वर्षी फरदड घेऊ नका म्हणून ओरडत असतं.

मी म्हटलं, "तुझं खरं असेल. पण प्रश्नात काय विचारलंय?"

"लेखकाच्या मते..."

"मग लेखकाचं सांग."

तो गप्प झाला. मग कागद घडी करत म्हणाला, "मग माझं कधी विचारणार?"

या प्रश्नाकडे मी परत येणार आहे. त्याआधी तो चुकला कुठे ते पाहू, कारण असे प्रश्न काढणाऱ्यांचं सगळं कसब या एकाच जागी लागलेलं असतं. चुकीचा पर्याय ते कधी साफ खोटा लिहीत नाहीत. जगात खरा, पण उताऱ्यात नसलेला असा एक लिहितात. उताऱ्यात असलेला, पण विचारलेल्या प्रश्नाचा नसलेला असा एक. लेखकानं 'बहुधा' म्हटलेलं असतं तिथे 'नेहमीच' घालून एक. आमिष म्हणून लावलेलं असतं ते वाचणाऱ्याचं स्वतःचं ज्ञान, स्वतःचा राग, स्वतःचं दुःख. ज्याला विषयातलं काहीच कळत नाही तो कधी कधी बचावतो. ज्याच्या घरी बोंडं सडली, तो सापडतो.

पैठण आमच्याच जिल्ह्यातलं. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी तिथे ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ लिहून तीनशे वर्षं होत आली होती. नकला करता करता पाठ बिघडले होते, कुणी कुणी आपल्या ओव्याही घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, भर काढून टाकली, आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे जो कुणी यात आपली ओवी घालील त्यानं अमृतानं भरलेल्या ताटात नरोटी मांडली असं समजावं. नाथांपाशी ओव्यांची वानवा होती का? अकराव्या स्कंधावरचं त्यांचं भागवत अठरा हजारांवर ओव्यांचं आहे आणि ते १५७३ साली, या शुद्धीच्या अकरा वर्षं आधी, काशीत पुरं झालेलं होतं. ज्याच्या हाताला ओवी इतकी सहज येते, त्यानं दुसऱ्याच्या ग्रंथावर नजर ठेवून एकही ओवी आपली घालायची नाही, याला मी मोठी तपश्चर्या म्हणते. चमत्काराच्या गोष्टी बाजूला ठेवल्या तरी नाथ मला या एका कामासाठी संत वाटतात.

उलट उदाहरणही जवळच आहे. सिल्लोडहून जळगावच्या रस्त्यानं अजिंठा गाव ओलांडून घाट उतरला की लेणी येतात. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या बुद्धमूर्तीवर, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली आहे. शतकानुशतकं जंगलात झाकलेलं चित्र जगापुढे आणणारा म्हणून त्याचं नाव घेतात, ते घ्यावं. पण समोर एवढं उभं असताना त्याला पहिलं सुचलं ते स्वतःचं नाव. पोरांना सहलीला नेते तेव्हा मी तो खांब दाखवते आणि सांगते, उताऱ्यात तुम्ही नेमकं हेच करता.

स्वतःला बाजूला ठेवून वाचायचं कसं, याचं शास्त्रही आपल्याकडे आहे आणि त्याचा आणि माझ्या वर्गाचा संबंध लावला म्हणून कुणी मला पाखंडी म्हणाल तर म्हणा. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला मीमांसकांनी सहा खुणा सांगितल्या. आरंभ आणि शेवट काय आहे ते पाहा, कशाची पुनरुक्ती होते ते पाहा, नवं काय सांगितलं आहे, फळ काय म्हटलं आहे, कोणता भाग नुसत्या स्तुतीचा नाहीतर दाखल्याचा आहे, आणि युक्तिवाद कशाच्या बाजूनं उभा आहे. टिळकांनी 'गीतारहस्या'त याच खुणा लावून गीतेचं तात्पर्य काढायला घेतलं. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये छापला गेला. आधीच्या भाष्यकारांवर त्यांचा आक्षेप काय, तर प्रत्येकानं आपला संप्रदाय गीतेतून काढून दाखवला. खुद्द टिळकांनी त्यातून आपला कर्मयोग काढला, यावर आक्षेप घेणारेही पुढे कमी झाले नाहीत. नियम सांगणं सोपं असतं.

पण खुणा खऱ्या आहेत. कॅटला इंग्रजीच्या भागाला ४० मिनिटं मिळतात. जीआरई २२ सप्टेंबर २०२३ पासून आखूड झाली, तिच्यात शाब्दिक भागाचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत. एवढ्या वेळात उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य सारख्याच श्रद्धेनं वाचणारा बुडतो. दाखला कुठला आणि दावा कुठला हे ओळखणारा तरतो. बोंडअळीच्या उताऱ्यात फरदडीचं वाक्य हा जाता जाता दिलेला दाखला होता. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, दोन्हीकडे लेखक ओळींबद्दलच बोलत होता. मी फळ्यावर सहा खुणा लिहिल्या तेव्हा त्या मुलानं स्वतःच उठून उताऱ्यावर त्या लावून दाखवल्या, आणि बसताना पुन्हा म्हणाला, "लेखकाचं कळलं. पण तो चुकलाय."

आता त्याच्या प्रश्नाकडे. मग माझं कधी?

स्वतःला बाजूला ठेव, असं कुणी कुणाला सांगायचं, याला फार महत्त्व आहे. ज्या परंपरेनं वाचायचं इतकं बारीक शास्त्र केलं, तिनंच वाचायचा अधिकार कुणाला नाही याचीही अधिकरणं लिहिली. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे. ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. बायकांचं निराळं सांगायला नको. तात्पर्याच्या या खुणा मी आज फळ्यावर लिहिते, त्या लिहिणाऱ्यांनी मला वेदाच्या जवळ उभं केलं नसतं. तेव्हा सिल्लोडच्या पोराला, ज्याचं म्हणणं आजवर ना बाजार समितीत कुणी विचारलं ना कॉलेजात, त्याला पुन्हा मीच सांगायचं की तुझं मत बाहेर ठेव? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि भाऊजींच्या आक्षेपापेक्षा जड वाटतो.

उत्तर मला मिळालं ते नागसेनवनात. मी तिथल्या मिलिंद महाविद्यालयाची विद्यार्थिनी. बाबासाहेबांनी १९५० साली हे महाविद्यालय काढलं आणि पुढे त्याला ग्रीक राजा मिलिंदाचं नाव दिलं, ज्याचे नागसेन भिक्खूशी झालेले संवाद 'मिलिंदपञ्हा'त आहेत. तिथे राजा वादाला बोलावतो तेव्हा नागसेन म्हणतो, पंडितासारखा वाद घालणार असाल तर घालू, राजासारखा घालणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात एकमेकांचे पेच उलगडतात, चूक दाखवतात, ती कबूल होते आणि कुणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. आमचं गावोगावचं बोलणं बहुतेक राजासारखं असतं. समोरच्याचं संपायच्या आत आपला निवाडा तयार.

बाबासाहेबांचंच बघा. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचं होतं, ते मिळालं नाही; फारसी घ्यावी लागली. १९१३ साली ते कोलंबियाला गेले. पुढे १९४६ मध्ये 'हू वेअर द शूद्राज?' लिहिताना संस्कृत येत नाही तर या विषयात कशाला शिरता, हा प्रश्न उठणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रस्तावनेतच त्यांनी उत्तर दिलं: हे वाङ्मय इंग्रजी भाषांतरांतून आपण वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे, आणि तेवढी पात्रता या कामाला पुरे. दाराला संस्कृताचं कुलूप होतं, ते आत गेले इंग्रजीच्या खिडकीतून. आणि आत जाऊन काय केलं? पहिल्याच प्रकरणात पुरुषसूक्त समोर घेतलं, ते काय म्हणतं हे आधी ऋचेऋचेनं मांडलं, आणि मग त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार केला. ज्या ग्रंथानं आपल्याला बाहेर ठेवलं, त्याचं म्हणणंही त्यांनी आधी त्याच्याच शब्दांत उभं केलं. म्हणून तो भडिमार आजही उत्तर मागतो.

पूर्वपक्ष आणि सिद्धान्त. कौत्साला यास्कानं दिलेलं उत्तरही याच रीतीचं. समोरच्याचं म्हणणं इतकं नेटकं मांडायचं की त्यानं मान डोलवावी, आणि मग आपलं. स्वतःला बाजूला ठेवायचं ते पूर्वपक्षापुरतं. कायमचं नव्हे. बाजूला ठेवणं आणि पुसून टाकणं यांत फरक आहे, आणि जो गुरू हा फरक पोराला सांगत नाही तो पोराला गुलाम करतो, मग तो इंग्रजीचा असो की अध्यात्माचा. नाथांनी ज्ञानेश्वरीत ओवी घातली नाही, कारण स्वतःच्या अठरा हजार ओव्यांना त्यांनी स्वतःची जागा करून दिली होती.

गंमत म्हणजे जीआरईतही ही सोय आहे. शाब्दिक भागात तुमचं मत कुणी विचारत नाही. पण निबंधाला ३० मिनिटं असतात. एक विधान दिलेलं असतं, त्याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात ते कारणं देऊन लिहायचं. तिथे फरदड आणा, पाकीट आणा, चुलत्याचं कर्ज आणा. माझा गोळेगावकर आता निबंध चांगला लिहितो. शास्त्रज्ञांचा सल्ला आणि शेतकऱ्याचा अनुभव यांवरच्या एका विधानावर त्यानं लिहिलेल्या पानात पहिला परिच्छेद त्या बोंडअळीच्या उताऱ्याच्या लेखकाच्या बाजूनं होता, आणि इतका चोख की मला वाटलं पोरगं फिरलं की काय. दुसऱ्या परिच्छेदात त्यानं तो उलटवला. कॅटला ही सोय नाही, म्हणून कॅट देणाऱ्यांनाही मी निबंध लिहायला लावते. ते कुरकुरतात.

भाऊजींचं समाधान अजून झालेलं नाही. पोटासाठी ते पोटासाठीच, हे त्यांचं पालुपद. परवा मी त्यांना छांदोग्यातल्या नारदाची गोष्ट सांगितली. नारद सनत्कुमारांकडे शिकवा म्हणून जातो. ते म्हणतात, आधी तुला काय येतं ते सांग, त्यापुढचं मी सांगीन. नारद यादी वाचतो. वेद, इतिहास-पुराण, गणित, तर्क, नीती, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, लांबलचक. आणि म्हणतो, एवढं शिकून मी मंत्र जाणणारा झालो, आत्मा जाणणारा नाही. शोक काही सुटला नाही. सनत्कुमार सांगतात की हे सगळं नुसतं नाम आहे. इथवर ऐकून भाऊजी खूश. पण पुढे सनत्कुमार ते टाकून दे म्हणत नाहीत. नामाचीच उपासना कर म्हणतात. मग नारद विचारतो, नामाहून मोठं काही आहे का? आहे, वाणी. वाणीहून? मन. असं एकेक पायरी चढत दोघं वर जातात. सुरुवात यादीपासूनच झाली.

"म्हणजे तुमचं म्हणणं, ही पोरं नारद?" भाऊजी म्हणाले.

"नारदाची यादी यांच्याहून मोठी होती," मी म्हटलं. "पण यांनी निदान विचारायला सुरुवात केलीय."

मी माझ्या बाजूनं निकाल देऊन टाकते. हेतू पोटाचा असला म्हणून वाचन हीन होत नाही. ते हीन होतं वाचणाऱ्यानं मध्ये आपलं घुसडलं की, मग ग्रंथ देवाचा असो नाहीतर ईटीएसचा. दुसऱ्याचं म्हणणं, न आवडणारं, न पटणारं, आपल्या शेतावरच्या अनुभवाला खोटं पाडणारं, ते त्याचं त्याला परत नेऊन देता येईल इतकं सुबक समजून घ्यायचं, ही शिस्त माणसाचा अहंकार झिजवते. भाऊजी ज्याला निवणं म्हणतात ते याहून फार निराळं असेल असं मला वाटत नाही. आणि परीक्षेत ही शिस्त मोडली की लगेच मार्क जातात. पारायणात तसं काही जात नाही.

म्हणून सिल्लोड तालुक्यातल्या सप्ताह कमिट्यांना माझी एक विनंती. सकाळचं पारायण उठल्यावर जेवणाची पंगत बसेपर्यंत मंडपात थोडा वेळ असतो. त्या वेळात रोज एका वाचकानं त्या दिवशी वाचलेल्या दहा ओव्यांत माउली काय म्हणतात एवढंच सांगावं. स्वतःचं मत नको, गोष्ट नको, राजकारण तर नकोच. ऐकणाऱ्यांनी फक्त चूक दाखवावी, ओवीवर बोट ठेवून. दुसऱ्या दिवशी मतं मांडा, वाटेल तेवढी. कॉलेजातली पोरंही बोलवा, ती येतील. भाऊजींनी त्यांच्या गावात हे करून बघायचं कबूल केलं आहे. सप्ताहाच्या पत्रिकेत अन्नदात्यांच्या नावांखाली एवढी एक ओळ छापायला जागा निघते.